नुसतं ग्रीसिंगच करतोय, मेकॅनिक कधी होणार?
वाचकांचे प्रश्न, वर्कशॉपमधल्या काकांची उत्तरं

ट्रकच्या फ्लीटमध्ये म्हणजे ताफ्यात नव्यानेच डिझेल मेकॅनिक म्हणून लागलेल्या मुलामुलींनी प्रश्न पाठवावेत असं मागच्या वेळी म्हटलं होतं आणि इतकी पत्रं आली की सगळी इथे घेता येणार नाहीत. बऱ्याच जणांचे प्रश्न एकसारखेच होते म्हणून ते एकत्र केलेत. पत्र लिहिणाऱ्यांची नावं मुद्दामच दिलेली नाहीत.

काका, मला लागून पाच महिने झाले. रोज तेच, ऑइल काढा ऑइल भरा, फिल्टर बदला, गाडीखाली झोपून ग्रीस मारा. इंजिन खोलायचं काम आलं की सिनियर लोक घेतात आणि मला म्हणतात तू तिकडची सर्व्हिसिंग बघ. डिप्लोमा करून मी हेल्परच राहणार का? दुसरीकडे बघू का?

तुझा वैताग मला कळतो कारण मीपण पहिलं वर्ष असंच काढलं आणि तेव्हा मलापण वाटायचं की हे लोक मला शिकवायलाच तयार नाहीत. पण एक गोष्ट मनापासून सांगतो, फ्लीटच्या वर्कशॉपमधलं सगळ्यात जबाबदारीचं काम तुझ्याकडेच दिलंय, ते तसं कुणी बोलून दाखवत नाही एवढंच. फ्लीटमध्ये गाडी दुरुस्त करण्यापेक्षा ती रस्त्यात बंद पडू न देणं महत्त्वाचं असतं आणि ठरलेल्या किलोमीटरला गाडी पिटवर, म्हणजे खाली जायच्या खड्ड्यावर येते तेव्हा तिच्या खाली जाऊन सगळीकडे नजर टाकणारा माणूस एकच असतो, तो म्हणजे तू. ड्रायव्हरला वरचं दिसतं, फोरमनला कागद दिसतो, खालचं फक्त तुला दिसतं.

आता ग्रीसचंच घे. प्रोपेलर शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा, त्याच्या सांध्यातल्या क्रॉसला चार टोकं असतात आणि ग्रीस भरायचा निप्पल बहुतेक वेळा एकच असतो. गन लावून चार-पाच स्ट्रोक मारले, एका बाजूने ग्रीस बाहेर आलं की पोरं गन काढतात आणि पुढे सरकतात. असं नाही चालत. चारही टोकांतून जुनं काळं ग्रीस बाहेर पडून मागून नवीन स्वच्छ ग्रीस दिसलं पाहिजे. एखादं टोक कोरडं राहिलं तर शाफ्टला पहारीने थोडं इकडेतिकडे ढकल, टोकावरच्या टोपीचा दाब हलतो आणि वाट मोकळी होते, मग परत मार. तरी नाही आलं तर ते टोक बुजलंय, क्रॉस काढावा लागणार, तसं लिहून दे. आणि टोपीच्या कडेला वीटेच्या भुकटीसारखी लालसर पावडर दिसली तर आतल्या बेअरिंगच्या सुया कोरड्या पडून घासायला लागल्यात असं समज, त्या गाडीला ग्रीस मारून सोडू नकोस. भरल्या लोडमध्ये वेगात असताना क्रॉस तुटला तर शाफ्ट खाली आपटतो आणि आजूबाजूचे हवेचे पाइप, टाकी, जे सापडेल ते फाडत जातो. हे सगळं त्या चिमूटभर लाल पावडरीत दिसतं आणि ती बघणारा तू असतोस.

ऑइल काढतानापण तसंच. ऑइल गरम असताना काढ म्हणजे काजळी आणि कण सोबत निघून येतील, पण उकळतं नको, हात भाजतात. धार पडताना तिथेच उभा राहा, फोन बघू नकोस. दुधाळ दिसलं तर पाणी किंवा कूलंट आत जातंय. फार पातळ आहे, डिझेलचा वास येतोय आणि डिपस्टिकवर लेव्हल खुणेच्या वर होती, तर नोझलमधून नाहीतर पंपाकडून डिझेल खाली उतरतंय. ऑइल काढायच्या प्लगच्या चुंबकाला थोडा काळा चिखल असणारच, त्याचं काही नाही, पण चमकणारे बारीक तुकडे दिसले तर बेअरिंगकडे लक्ष द्यायला हवं. ही चारपाच वाक्यं तू जॉब कार्डवर लिहून दिलीस आणि त्यातून एखादं इंजिन वाचलं की सिनियर लोक स्वतःहून तुला खोललेलं इंजिन दाखवायला बोलावतात, माझं तसंच झालं होतं.

दुसरीकडे बघायचं तर एवढं बघ की तिथे शिकवणारा कोण आहे आणि वेगवेगळ्या गाड्या येतात का. इथे वर्ष झाल्यावरपण क्लच, ब्रेक, हब यातलं एकही काम हातात दिलं नाही तर फोरमनला सरळ विचार की मला पुढचं काम कधी मिळणार आणि त्यासाठी मी काय शिकून यावं. सिनियरसोबत दुसरा माणूस म्हणून उभं राहायला माग, पाने द्यायला का होईना. इंजिन खोलताना पाने देणाऱ्यालाच सगळ्यात जास्त दिसतं.

ऑइल बदललं आणि दुसऱ्याच दिवशी डिपस्टिकवर काळं दिसतंय. ड्रायव्हर म्हणतो जुनंच ऑइल परत टाकलंत. माझं काही चुकलं का?

नाही. डिझेल इंजिनात काजळी तयार होते आणि ती ऑइलमध्ये तरंगत ठेवायची, कुठे साचू द्यायची नाही, हे ऑइलचं कामच आहे. नवीन ऑइल आतली उरलेली काजळी धुऊन घेतं म्हणून लगेच काळं होतं. काळा रंग बघून ऑइल खराब झालं असं ठरवायचं नसतं, त्यासाठी किलोमीटर, तास, नाहीतर नमुन्याची लॅब टेस्ट. ड्रायव्हरला एकदा जवळ बोलावून शांतपणे समजावून सांग, त्याच्यावर चिडू नकोस, स्वतःच्या गाडीची काळजी आहे म्हणूनच तो विचारतोय.

सिनियर म्हणाले चाक काढायची गरज नाही, जॅक लाव आणि पटकन खाली जाऊन ब्रेक चेंबर बदल. मी गेलो पण हात थरथरत होते. मी घाबरट आहे का?

तुझे हात थरथरले ते बरोबरच होतं. असं परत कुणी सांगितलं तर जाऊ नकोस, तो कितीही मोठा मिस्त्री असू दे.

जॅक हा गाडी उचलण्यासाठी असतो, उचलून धरण्यासाठी नाही. आतला एक रबरी सील गेला की तो काही न सांगता खाली बसतो. आधी सपाट आणि कडक फरशी, मग जी चाकं जमिनीवर राहणार त्यांना दोन्ही बाजूंनी उटी म्हणजे अडवायचे ठोकळे, मग जॅक, मग वजनाला पुरेल अशी घोडी म्हणजे स्टँड, आणि गाडी घोडीवर बसवून धक्का देऊन बघितल्यावरच अंग आत घालायचं. एअर सस्पेन्शनची गाडी असेल तर अजून जपून, कारण फुग्यातली हवा गेली की चेसिस खाली येते आणि चाक आणि चेसिसच्या मधे डोकं असेल तर विषय संपला.

आता चेंबर, म्हणजे हवेच्या जोराने ब्रेक लावणारा डबा. मागच्या चाकांच्या मोठ्या डबल चेंबरमध्ये पार्किंग ब्रेकची स्प्रिंग दाबून भरलेली असते. ट्रकच्या ब्रेकची रचनाच अशी आहे की हवा गेली तर ब्रेक सुटू नये, उलट लागावा, म्हणून चालताना हवा त्या स्प्रिंगला दाबून धरते आणि हवा गेली की स्प्रिंग ब्रेक लावते. म्हणजे सिस्टिममध्ये हवा शून्य असली तरी ती स्प्रिंग शांत नसते, तिच्यात शेकडो किलोचा जोर असतो. तो स्प्रिंगचा भाग खोलायचाच नाही, कधीच नाही, चेंबर अख्खं बदलायचं. स्प्रिंगच्या बाजूची रिंग सुटून माणसं मेलेली आहेत. बदलण्याआधी चेंबरच्या कडेला ठेवलेला केजिंग बोल्ट काढ, मागच्या भोकातून आत घाल, पाव वळसा देऊन अडकव आणि नट आवळून स्प्रिंग बांधून टाक. बोल्ट नीट अडकत नसेल किंवा चेंबर गंजून फुगलेलं असेल तर हात काढ आणि सिनियरला बोलाव. आणि स्प्रिंग बांधली म्हणजे त्या चाकाचा पार्किंग ब्रेक गेला, उटी नसेल तर गाडी घरंगळू शकते, हे विसरू नकोस.

अजून दोन गोष्टी इथेच सांगून टाकतो. कॉमन रेलच्या, म्हणजे एकाच जास्त दाबाच्या पाइपमधून सगळ्या नोझलना डिझेल देणाऱ्या गाडीत डिझेलचा दाब १६०० ते २००० बार किंवा त्याच्यापण वर असतो, लिकेज कुठे आहे ते बघायला चालू इंजिनवर हात फिरवायचा नाही, लांबून पुठ्ठा धरायचा. ती बारीक धार ग्लोव्हज आणि कातडी दोन्ही भेदून आत जाते, वर सुई टोचल्याएवढा ठिपका दिसतो, पहिल्यांदा दुखतपण नाही, आणि काही तासांत हात सुजून काळानिळा होतो. असं झालं तर मलम लावून घरी जायचं नाही, ताबडतोब हॉस्पिटल आणि डॉक्टरला स्पष्ट सांगायचं की दाबाखालचं डिझेल आत गेलंय, यात ऑपरेशनला झालेला उशीर बोटं घेऊन जातो. दुसरं, गाडीखाली जाताना चावी तुझ्या खिशात आणि स्टिअरिंगवर काम चालू असल्याची पाटी, दर वेळी, दोन मिनिटांचं काम असलं तरी.

सिनियरला नाही कसं म्हणायचं हा तुझा खरा प्रश्न आहे. "मी घोडी घेऊन येतो, दोन मिनिटं लागतील" एवढंच म्हण आणि चालायला लाग. वाद घालत बसू नकोस. मी तरी अजून असा मिस्त्री बघितला नाही जो घोडी आणायला गेलेल्या पोराला हात धरून मागे ओढेल.

स्कॅनर लावला, प्रेशर सेन्सरचा फॉल्ट कोड आला, मी नवीन सेन्सर टाकला. गाडी दुसऱ्या दिवशी परत आली, तोच कोड. फोरमन सगळ्यांसमोर बोलले. कोडवर विश्वास ठेवायचा नाही का?

कोडवर विश्वास ठेव, पण कोड काय म्हणतोय ते नीट ऐक. तो "सेन्सर खराब आहे" असं म्हणत नाही, "या सर्किटमध्ये मला असं असं दिसतंय" एवढंच म्हणतो. बहुतेक ट्रकमध्ये कोडचे दोन भाग असतात, पहिला एसपीएन म्हणजे कुठल्या जागेबद्दल तक्रार आहे आणि दुसरा एफएमआय म्हणजे तक्रार कशी आहे. नवीन मुलं पहिला आकडा बघून पार्ट मागवतात आणि दुसरा वाचतच नाहीत. एफएमआय ३ आला तर व्होल्टेज नेहमीपेक्षा जास्त दिसतंय, ४ आला तर कमी, ५ आला तर करंट कमी किंवा सर्किट तुटलेलं. यातलं कुठलंपण नुसत्या वायरमुळे होऊ शकतं.

म्हणून पार्ट मागवायच्या आधी हे कर. कनेक्टर काढून आत बघ, हिरवट बुरशी, वाकलेली पिन, पाणी. मग सेन्सरला मिळणारे ५ व्होल्ट येतात का ते मल्टिमीटरने बघ, अर्थिंग बघ. बऱ्याचदा तीनचार सेन्सरना ते ५ व्होल्ट एकाच ठिकाणाहून जातात, त्यामुळे एक शॉर्ट झाला की बाकीचे सगळे ओरडायला लागतात आणि आपण भलत्यालाच बदलतो. नंतर स्कॅनरवर लाइव्ह आकडे चालू ठेवून हार्नेस म्हणजे वायरींचा जुडगा हाताने हलवत जा, जिथे हलवल्यावर आकडा उडी मारेल तिथे तुझा फॉल्ट. मला एकदा असाच फॉल्ट दोन दिवस सापडत नव्हता, शेवटी एका क्लिपखाली वायर ब्रॅकेटला घासून तांबं उघडं पडलेलं होतं, नखाएवढी जागा, आणि वरून टेप इतकी व्यवस्थित दिसत होती की मी तिच्यावरून चार वेळा हात फिरवला होता. वायर टोचून मोजायची सवय मात्र लावू नकोस, त्या भोकातून पाणी जातं आणि पुढच्या पावसाळ्यात तिथेच नवीन फॉल्ट तयार होतो.

बॅटरीचंपण लक्षात ठेव. ट्रकला बहुतेक २४ व्होल्ट म्हणजे १२च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. आणि युरियावाली, म्हणजे धूर स्वच्छ करायला युरियाचं पाणी वापरणारी गाडी बंद केल्या केल्या बॅटरीचा स्विच काढू नकोस, पंप लाइनमधला युरिया मागे ओढून घेत असतो, त्याला तेवढा वेळ दे नाहीतर तो आतच सुकून खडे होतात.

फोरमन सगळ्यांसमोर बोलले ते त्यांनी करायला नको होतं. पण पुढच्या वेळी तू मोजलेले आकडे कार्डवर लिहून दे, मग पार्ट टाकूनपण गाडी परत आली तरी बोलायला जागा राहत नाही.

सुरुवातीला स्वतःची कुठली हत्यारं घ्यावीत? सगळे म्हणतात मोठा सेट घे.

मोठा सेट नको, कर्ज काढून तर अजिबात नको. रिंग आणि फिक्स पाने ८ ते २४, अर्ध्या इंची रॅचेट आणि गोट्या म्हणजे सॉकेट, तीनचार पेचकस, पक्कड, हातोडी, डोक्याला लावायची बॅटरी, साधा पण चांगला मल्टिमीटर, चुंबकाची काठी. महिनाभर दुसऱ्याकडून काय काय मागून घेतोस ते लिहून ठेव, जे तीनदा मागितलं ते विकत घे. चाकाच्या नटांसाठीचा मोठा टॉर्क पाना वर्कशॉपचा असायला हवा, नसेल तर फोरमनकडे माग. मोठ्या ट्रकच्या चाकाचे नट साधारण ६०० न्यूटन मीटरच्या आसपास आवळतात, नक्की आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यायचा, आणि इम्पॅक्ट गन मारून सोडून दिलं म्हणजे आवळलं असं होत नाही. चाक बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटर चालून आलं की परत तपासायचं.

मुलगा ट्रकच्या वर्कशॉपला लागलाय. रोज काळे हात, कपड्यांना धुराचा वास, खोकतोपण. मला काळजी वाटते. काय सांगू त्याला?

ताई, तुमची काळजी अगदी बरोबर आहे, याकडे आमच्या धंद्यात फार दुर्लक्ष झालंय. डिझेलच्या धुरामुळे माणसाला कॅन्सर होतो हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केलंय. त्यामुळे बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवायचं असेल तर सायलेन्सरला पाइप लावून धूर बाहेर सोडायलाच हवा आणि ते मागणं हा त्याचा हक्क आहे. वापरलेलं ऑइल कातडीला सतत लागणं वाईट, म्हणून नायट्राइलचे ग्लोव्हज घालायचे. हात डिझेल-पेट्रोलने धुवायचे नाहीत, बरीच पोरं धुतात, त्याने कातडीचं तेल जातं आणि भेगा पडतात. ऑइलने भिजलेली चिंधी खिशात ठेवायची नाही. ब्रेक ड्रम उघडल्यावर आतली धूळ हवेच्या पाइपने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. कानाला मफ, हातात अंगठी नाही. वर्कशॉपचे कपडे बाकीच्यांच्या कपड्यांत धुऊ नका. आणि खोकला राहिलाय तर डॉक्टरला दाखवाच, काय काम करतो तेपण सांगा.

मी मुलगी आहे, ट्रकच्या वर्कशॉपमध्ये इंटरव्ह्यू आहे. नट सुटणार का तुझ्याकडून असं आत्तापासूनच घरचे विचारतायत.

सुटणार. जोराने सोडायला गेलेले पुरुषपण पाठ धरून बसतात. लांब दांडी, योग्य गोटी, आदल्या दिवशी मारलेलं गंज सोडवायचं ऑइल, आणि वजन उचलायला होइस्ट. गिअरबॉक्स कुणीच हाताने उचलत नाही, उचलू नये. इंटरव्ह्यूत एवढं विचार की तुमच्याकडे ट्रान्समिशन जॅक आणि होइस्ट आहे का, चेंजिंग रूम आहे का. उत्तर ऐकून तुलाच कळेल जागा कशी आहे. निकाल काय लागला ते नक्की लिही.

काका, हे कुणालाच सांगितलेलं नाही. मागच्या आठवड्यात मी ऑइल फिल्टर बदलला. गाडी गेटपासून थोडी पुढे गेली आणि सगळं ऑइल रस्त्यावर. ड्रायव्हरने प्रेशरचा लाइट बघून लगेच बंद केली. मी फिल्टर काढला तर आत दोन रबर होते, जुन्याचं रबर वरतीच चिकटून राहिलं होतं. ते मी खिशात घातलं. सगळ्यांना वाटतंय नवीन फिल्टर खराब निघाला. झोप लागत नाही.

बाळा, आधी हे सांगतो की ही चूक या धंद्यात जवळपास प्रत्येकाने एकदा केलीये किंवा करता करता वाचलाय. जुनं रबर गरमीने फिल्टर बसतो त्या हेडला चिकटतं, रंगाने काळं, वरती अंधार, दिसत नाही. नवीन फिल्टर त्याच्यावर बसतो, आयडलला धरतो, आणि रेस वाढली की दोन रबरं एकमेकांवरून सरकतात आणि पंप सगळं ऑइल बाहेर फेकतो. यापुढे जुना फिल्टर काढला की पहिल्यांदा त्याच्यावर रबर आहे का ते बघ, मग हेडची बैठक फडक्याने पूस आणि बोट गोल फिरव. नवीन रबराला ऑइल लाव, हाताने टेकव आणि फिल्टरवर लिहिलंय तेवढंच पुढे फिरव, बहुतेक पाऊण वळसा. स्टार्ट करून प्रेशर बघ, खाली बॅटरी मार, बंद करून थांब, परत डिपस्टिक.

आता दुसरं. तुला सांगावंच लागेल, आणि ते तुझ्या झोपेसाठी म्हणून नाही, त्या गाडीसाठी. ते इंजिन काही सेकंद का होईना विनाऑइल फिरलंय आणि हे कुणाला माहीतच नसेल तर कुणी बेअरिंगचा विचार करणार नाही. फिल्टर खराब होता असं समजून स्टोअरमधले चांगले फिल्टर परत पाठवतील आणि खरं कारण तसंच राहील, पुढच्या महिन्यात दुसऱ्या पोराकडून तेच होईल.

माझ्याकडून पहिल्या वर्षी चाकाचे नट राहिले होते. हाताने बसवले होते, आवळायच्या आधी मला दुसऱ्या गाडीला हाक मारली, मी गेलो आणि परत येईपर्यंत गाडी निघून गेली. मी अर्धा तास गप्प बसलो. पोटात गोळा आलेला, हातात पाना तसाच. मग फोरमनच्या समोर जाऊन उभा राहिलो आणि बोललो. त्यांनी एक शब्द न बोलता ड्रायव्हरला फोन लावला, गाडी थांबवली, आम्ही टॉर्क पाना घेऊन गेलो. दहापैकी चार नट हाताने फिरत होते आणि भोकांच्या कडेला ताजी चमक आलेली. परत येताना फोरमन एवढंच म्हणाले की अर्धा तास का थांबलास. ती अर्ध्या तासाची बोच मला अजून आहे, नटांची तेवढी नाही.

उद्या शिफ्ट सुरू व्हायच्या आधी जा, फोरमन एकटे असताना. ते रबर सोबत ने आणि टेबलावर ठेव. म्हण की जुनं रबर वरती राहिलं, मी बघितलं नाही, आणि नंतर भीतीने सांगितलं नाही. मग लगेच म्हण की आत्ताचा फिल्टर काढून कापून बघूया आतल्या कागदावर धातू आहे का, आणि गरम इंजिनवर आयडलचं ऑइल प्रेशर मोजून मॅन्युअलशी ताडून बघूया. हे काम मीच करतो असं सांग. ओरडा बसेल, बसू दे. फिल्टर कापायचा कटर नसेल तर करवतीने कापू नकोस, भुसा आत पडतो आणि मग कुठला धातू इंजिनचा ते कळत नाही, डब्याची वरची कड मोठ्या पक्कडीने उलगडत ने.

काय निघालं ते मला कळव, मी वाट बघतोय.